चष्म्याच्या साली

शेटेकाकांना तुमचं बोलणं कंटाळवाणं वाटलं, की ते चष्म्याची साल काढतात.

खरोखरच काढतात. त्यांच्या जाड चष्म्याच्या दोन्ही काचांवर पारदर्शक फिल्मचे थर एकावर एक चिकटवलेले असतात आणि कडेला धरायला छोटं टोक सोडलेलं असतं. समोरचा माणूस ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल बोलायला लागला, की काकांचा हात हळूच कानशिलाकडे जातो. चर्र! वरचा थर निघतो. "हं, आता दिसलं," असं म्हणत ते भलतीकडेच बघायला लागतात. दिवाळीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण चालू होतं, तेव्हा मी काकांच्या मागच्या रांगेत होते. भाषण संपलं तेव्हा त्यांच्या खुर्चीखाली सालींचा लहानसा ढीग झाला होता.

ही युक्ती रेसिंगमधली. इथे टेक्सासमध्ये गावोगावी लाल मातीचे छोटे गोल ट्रॅक आहेत. त्यांवर स्प्रिंट कार नावाच्या गाड्या पळतात. ओल्या मातीचे गोळे इतके उडतात की ड्रायव्हर हेल्मेटच्या काचेवर असेच थर लावतात आणि चिखल बसला की वरचा ओढून फेकतात. काका दर शनिवारी तिथे जातात, म्हणून त्यांच्याही चष्म्यावर साली. बाकीच्या दिवशी त्या का असतात, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

काका मूळचे इचलकरंजीचे. आता रिटायर झालेत आणि डॅलसजवळ अर्विंगमध्ये माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एकटेच राहतात. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी रेवती फोर्ट वर्थला असते. आठवडाभर लोकांचे दात साफ करते आणि शनिवारी स्प्रिंट कार चालवते. हो, ती स्वतः चालवते. मंडळातल्या बायका याबद्दल काकांना सहानुभूती दाखवायला येतात. चर्र.

मी फार बोलत नाही. काकांनी पहिल्याच आठवड्यात माझं निदान करून टाकलं. "मुक्ता, तू स्प्रिंट कार आहेस. तिला स्टार्टर नसतो. मागून ट्रकनं ढकलावं लागतं, मग सुरू होते. पण सुरू झाली की काय विचारू नकोस."

या गाडीचा सगळा इतिहास त्यांनी मला स्वयंपाकघरात शिकवला. ओट्यावर एक काकडी आडवी ठेवली आणि टूथपिकनं बटाट्याच्या चार चकत्या तिला बाहेरून टोचल्या.

"बघ. चाकं उघडी. मडगार्ड नाही, काही नाही. सुरुवातीला लोकांनी घरच्या गाड्याच सोलल्या आणि जत्रेतल्या घोड्यांच्या ट्रॅकवर पळवल्या. ड्रायव्हर असा उंच बसायचा." काकडीवर एक शेंगदाणा बसला. "पट्टा नाही. गाडी उलटली तर बाहेर फेकलं गेलेलं बरं, असं म्हणायचे. शहाणे!"

त्यांनी काकडी उलटी केली. शेंगदाणा ओट्याखाली गेला.

"मग गाड्या बुटक्या झाल्या. मग रुंद. मग हा आला." त्यांनी चहाचं गाळणं शेंगदाण्याच्या जागी बसवलेल्या नव्या शेंगदाण्यावर उपडं ठेवलं. "पिंजरा. लोखंडी नळ्यांचा. जुने लोक हसले. म्हणाले, ही काय मर्दाची गाडी? पण पिंजरा आला, माणूस वाचला." हे त्यांचं आवडतं वाक्य. ते भाजी घेतानाही म्हणतात.

शेवटी गाळण्यावर एक भाजलेला पापड तिरका टेकला. "हा पंख. हवा वरून दाबते, गाडी मातीला चिकटून राहते. आणि उलटलीच तर आधी पंख चुरगळतो, मार तो खातो."

मग एकदम पापड उचलून त्यांनी कडकन मोडला.

"आणि आमच्या बाईसाहेबांना हा नकोय."

तेव्हा मला भांडण कळलं. पंख नसलेल्या गाड्यांची वेगळी शर्यत असते. त्या जास्त घसरतात, जास्त उलटतात. रेवतीला आता तीच चालवायची होती. काकांचं म्हणणं, इतकी वर्षं माणसं मेली तेव्हा कुठे गाडी इथवर आली, आता उलटं कशाला जायचं? रेवतीचं म्हणणं, "बाबा, विंग असली की गाडी एअरच चालवते. मला ड्राइव्ह करायचंय." दोघांचं बोलणं बंद झालं. पहिली बिनपंखी शर्यत येत्या शनिवारी होती. काका जाणार नव्हते.

शनिवारी दुपारी माझ्या दारावर टकटक. चष्म्यावर नेहमीपेक्षा जाड थर.

"तुला तिथल्या फ्राइज खायच्यात ना?"

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. पण नाही म्हणायलाही मला वेळ लागतो. तेवढ्यात ते माझ्या गाडीत जाऊन बसले होते. शर्टाच्या खिशात स्टीलचा चमचा होता.

तो चमचा मला माहीत होता. शर्यतीआधी काका रेवतीच्या गाडीभोवती फिरून पिंजऱ्याची एकेक नळी आणि एकेक सांधा चमच्यानं वाजवतात, कान लावून, माठ घेताना वाजवून बघतात तसं. मेकॅनिक हसतात. वेल्डिंग आधीच मशीननं तपासलेलं असतं. काका म्हणतात, "मशीनला मुलगी आहे का?"

"काका, आज वाजवणार?"

"मी कशाला? मी फ्राइज खायला आलोय."

ट्रॅकवर पोचल्यावर ते फ्राइज आणायला म्हणून गेले आणि अर्ध्या तासानं हात हलवत परत आले. चमच्याला ग्रीस लागलं होतं.

आम्ही चौथ्या वळणाशी, अगदी खाली बसलो. रेवतीच्या निळ्या गाडीला ट्रकनं मागून ढकललं, तशी गाडीनं धूर सोडला आणि ती धडधडून सुरू झाली. वर पंख नसलेली ती गाडी मला फार लहान दिसली. हिरवा झेंडा पडला. पहिल्याच फेरीत चिखलाचा शिडकावा आमच्यावर आला आणि काकांचा चष्मा लाल झाला.

त्यांनी साल काढली नाही.

दुसऱ्या फेरीला आणखी चिखल. हात मांडीवरच. अध्यक्षांच्या भाषणाला ढीग घालणारा माणूस मुलीच्या शर्यतीत मातीनं लिंपलेल्या काचांमागे तसाच बसला होता.

"काका, काढा ना. काही दिसत नसेल."

"राहू दे. तू सांग."

"ती... पाचवी आहे."

"मोठ्यानं सांग की! इंजिनं ओरडतायत."

मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही माइक बंद ठेवणारी मुलगी. पण ते माझ्याकडे कान करून बसले होते. मी ओरडायला लागले. "बाहेरून घेतेय! चौथी! आता लाल गाडीच्या मागे... आतून जातेय, काका, आतून!" शेजारचे काउबॉय हॅटवाले आजोबा वळून बघायला लागले. मी थांबले नाही.

मग लाल गाडी घसरली आणि रेवतीचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकावर चढलं. चाकं उघडी असतात ना, शिडीसारखी चढतात. निळी गाडी हवेत गेली.

माझा आवाज गेला.

"मुक्ता." काकांनी माझं मनगट धरलं. "मुक्ता, बोल."

"उलटली. गोल फिरतेय. अजून... थांबली. आडवी आहे. पिंजरा आहे, काका, पिंजरा तसाच आहे. माणसं धावलीयत."

"ती?"

"दिसत नाहीये."

इंजिनं बंद झाली होती. सगळं मैदान गप्प होतं.

"हात आला! बाहेर येतेय! उभी राहिली! काका, ती लाल गाडीवाल्याला शिव्या देतेय!"

"मोठ्यानं?"

"खूप."

"मग ठीक आहे," काका म्हणाले आणि माझं मनगट सोडलं. त्यावर बोटांचे ठसे उठले होते.

डॉक्टरांनी तपासून सोडल्यावर रेवती आमच्याकडे आली, केसांत माती आणि कोपराला बर्फ लावून. काका तिथेच बसले होते, तसेच, काचा लाल.

"बाबा, डिड यू ईव्हन वॉच?"

"हिनं सांगितलं की सगळं."

"मी आत हेल्मेट घालत होते तेव्हा कुणीतरी माझा केज वाजवत होतं," ती म्हणाली. "टिंग टिंग. मग मी रिलॅक्स झाले."

काकांनी चमचा खिशात आणखी खाली ढकलला. रेवती त्यांच्यासमोर वाकली आणि टोक धरून एकेक साल काढू लागली. लाल, मग गढूळ, मग नुसती धुरकट. शेवटची निघाली तेव्हा काच बाहेरून स्वच्छ होती. ओली होती ती आतून.

"घाम," काका म्हणाले. "टेक्सासचा उन्हाळा."

"येस, बाबा," रेवती म्हणाली आणि आपल्या शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला. त्यामुळे तो पुन्हा चिखलानं भरला.

परतताना मी गाडी चालवत बोलत होते. ऑफिस, मॅनेजर, मीटिंगमध्ये मी काय म्हणायला हवं होतं ते सगळं. डॅलसचे दिवे दिसायला लागले तेव्हा लक्षात आलं की थांबायलाच हवं. काकांचा हात कानशिलाकडे गेला होता.

पण काढायला साल उरली नव्हती. त्यांनी चष्मा नुसता वर सरकवला.

"सुरू झालीयेस," ते म्हणाले. "आता थांबू नकोस. बोल की."