माझं टेबल सरळ आहे

त्या शनिवारी सकाळपासून वारा असा सुटला होता, की घरातली सगळी दारं एकमेकांशी भांडत होती. (दारं मीच केलेली आहेत. भांडतात, पण बिजागरी सोडत नाहीत.)

लोक म्हणतात, या म्हाताऱ्याला राग येत नाही. येतो. फक्त माझा राग पायी निघतो. सकाळी कुणी टोचून बोललं, तर तो संध्याकाळी पोचतो, आणि तोवर समोरचा माणूस जेवूनखाऊन आडवा झालेला असतो. त्या दिवशी मात्र राग वेळेवर आला आणि चुकीच्या पत्त्यावर गेला.

माझ्या नातीला आम्ही खारू म्हणतो. तेरा वर्षांची आहे. तिच्या पाठीचा कणा एका बाजूला थोडा वळलाय, म्हणून वर्षभर ती कडक प्लास्टिकचा पट्टा बांधते, दिवसाही आणि रात्रीही. महिन्यातून एकदा घरीच तिची पाठ फोनवर मोजायची आणि आकडा दवाखान्यात कळवायचा. ती पाय जुळवून पुढं वाकते. फोन आडवा धरून मानेपासून कमरेपर्यंत हळूहळू सरकवायचा. पाठीची एक बाजू जितकी वर, तितके अंश फोन दाखवतो. मागच्या खेपेला सहा होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाच आले तर पट्टा फक्त रात्री. सातच्या वर गेले तर आणखी कडक पट्टा. त्या पाचासाठी पोरीनं अख्खा उन्हाळा पट्ट्यात काढला.

सूनबाईचा फोन आदल्या दिवशी कपड्यांबरोबर धुऊन निघाला होता. मी म्हणालो, “माझ्या फोनवर मोजू. चाळीस वर्षं सुतारकाम केलंय, सरळ-वाकडं मला कळतं.” (इथून पुढचं सगळं या एका वाक्यानं झालं.)

सूनबाईनं माझ्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं आणि ती आंघोळीला गेली. मी काही शाळेत गेलेलो नाही, पण अ‍ॅप उघडलं तर आत आपली सपाटी बघायची पाणसळच! तोच बुडबुडा, फक्त चित्रातला. जीव भांड्यात पडला. म्हटलं, आधी हत्यार तपासावं. फोन खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. ते टेबल म्हणजे माझ्या हातचं पहिलं काम. फोन म्हणाला, चार अंश.

चार! माझ्या टेबलाला! (त्याच्यावरून पेन्सिली घरंगळतात, हे खरं. पण ते वाऱ्यानं.) कालचं पोर हे, आणि माझ्या टेबलाला वाकडं म्हणतं! फोन उचलला, धोतरानं पुसला, पुन्हा ठेवला. चारच. खाली शून्याचं बटण होतं. शून्य मला वाचता येतं. दाबलं. फोन मुकाट्यानं शून्यावर आला. म्हटलं, हां, असं नीट बोलावं.

मग खारू वाकली. मी फोन सरकवला.

“किती?” तिनं खालूनच विचारलं.

“नऊ.”

“आजोबा, चष्मा लावा.”

चष्मा लावला. तरी नऊ. तीनदा मोजलं, तीनदा नऊ. सूनबाई ओल्या केसांनी धावत आली, तिनं मोजलं, नऊ. तिनं दवाखान्यात कळवलं. लगेच उत्तर आलं: सोमवारी घेऊन या, नव्या पट्ट्याचं माप घ्यावं लागेल.

“तू शाळेत पट्टा काढून ठेवतेस,” सूनबाई कडाडली.

“नाही ठेवत!”

“मग नऊ कुठनं आले? आकाशातनं पडले?”

आणि इथं मी तोंड उघडलं. “पोरी, खरं सांग. फोन कशाला खोटं बोलेल?”

खारूनं माझ्याकडं पाहिलं. सदरा जरासा वर करून कमरेवरचे पट्ट्याचे लाल वळ दाखवले. “तुम्हीसुद्धा, आजोबा?” एवढंच म्हणाली. फोन माझ्या हातातून ओढून घेतला. “आता सगळ्यांनी वाका!”

सूनबाई वाकली. चार. आरडाओरडा ऐकून शेजारचे पोस्टमन दारात आले होते, त्यांनाही वाकवलं. चार.

“मला कधीपासून?” पोस्टमन वाकलेलेच राहिले. “मलाही पट्टा लागेल का हो, मिस्त्री?”

खारूनं फोन फ्रिजवर ठेवला. चार. फरशीवर ठेवला. चार.

“फ्रिजला पण पट्टा बांधायचा का, आजोबा? तोही शाळेत काढून ठेवतो का?”

शेवटी तिनं फोन टेबलावर आपटला. शून्य.

सून, शेजारी, फ्रिज आणि फरशी चार अंशांनी वाकडे. सरळ एकटं माझं टेबल! खोटं कशाला बोलू, क्षणभर छाती फुगली. म्हणालो, “बघा! मी म्हणत नव्हतो?”

खारूनं फक्त विचारलं, “आजोबा, ते शून्य तुम्ही कशावर ठेवून केलंत?”

मी सगळं सांगितलं. सांगताना मलाच ऐकू आलं, मी काय केलंय ते. मग हत्यारांच्या पेटीतून माझी खरी पाणसळ काढली आणि घरभर लावत फिरलो. स्वयंपाकाचा ओटा सरळ निघाला. (तो मी केलेला नाही.) फोन ओट्यावर ठेवला, शून्य केलं. खारू पुन्हा वाकली. या वेळी फोन सूनबाईनं धरला. माझ्याकडं कुणी दिला नाही.

“पाच,” सूनबाई म्हणाली, आणि लगेच दवाखान्यात कळवलं.

खारू तिथंच जमिनीवर बसली, माझ्याकडं पाठ करून. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: सोमवारी या, मी स्वतः मोजते, पाचच असले तर पट्टा रात्रीपुरता. तरी पोरगी वळेना. मला राग येत होता, फोनचा नाही, टेबलाचाही नाही. पोरीनं वर्षभर एक दिवस चुकवला नव्हता, हे रोज डोळ्यांनी बघणारा मीच होतो.

“चुकलो, बाळा.”

“ऐकू नाही आलं.”

“चुकलो! फोनवर विश्वास ठेवला, टेबलावर ठेवला, तुझ्यावर नाही ठेवला.”

ती वळली, डोळे पुसले. “पुढच्या वेळी आधी तुम्ही वाकायचं.”

“वाकेन,” मी म्हणालो.

पोस्टमन अजून दारातच उभे होते, चौकटीला हात टेकून. मग म्हणाले, “मिस्त्री, तो फोन घेऊन जरा माझ्याकडं चला. आमचा जिना तुम्हीच केलाय, आणि मी बारा वर्षं चक्करेच्या गोळ्या खातोय.”