दोन-चारचा ब्रेक

खुशालराव संत्र्याच्या सौद्यासाठी आठवडाभराकरता वरूडला निघाले, त्यांच्या फटफटीचा आवाज कोपऱ्यावर विरला आणि जमुनानं गोठ्यात स्टूल लावलं.

गोठ्यात जनावर आता एकच उरलं होतं, पण भिंतीवरच्या दोन खुंट्यांचा मान कायम होता. तिथं खताच्या पोत्याखाली खुशालरावांची रेसर सायकल टांगलेली असे. अमरावतीला कॉलेजात असताना घेतलेली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, सीट चवळीच्या शेंगेएवढी. तिला अधूनमधून नवे टायर मिळत, दसऱ्याला झेंडूचा हार मिळे, आणि आल्यागेल्या पाहुण्याला तिची कथा मिळे.

"अमरावती ते बडनेरा रेस होती. पह्यला आलो म्या! सबन रेसमंधी एकडाव ब्रेकले हात लावला नाही. अन् जोश एवढा, का रेस संपल्यावर थांबलोच नाही. तसाच पुढं जिनिंग मिलपर्यंत गेलो!"

जमुना ही कथा लग्नापासून ऐकत आली होती. कोणत्या वाक्याला चहा आणायचा, हेसुद्धा ठरलेलं होतं.

तिला रेस लावायची नव्हती. तिला फक्त शेतात जायचं होतं. परतवाड्यातून शेत काही फार लांब नाही, पण जायचं तर फटफटीवर मागं बसून, खुशालरावांच्या वेळेनं. ओलिताचं पाणी सुरू झालं का, मजूर आले का, हे पाहायची घाई तिला असे आणि वेळ त्यांच्याकडं असे. तिनं एकदा स्कूटीचा विषय काढला होता. खुशालराव म्हणाले, "तुले कुठं जाच हाय?" मग लेडीज सायकलचा काढला. "तुले कुठं जाच हाय?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. पण ते द्यायला तोंड उघडावं, तोवर विचारणारा चपला घालून गेलेला असे.

माहेरी अंजनगावला ती भावाच्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून शिकली होती. अंगात शिकलेलं जात नाही म्हणतात, ते खरं निघालं. लेकीचा, आकांक्षाचा, जुना सलवार-कुर्ता घालून तिनं रेसरवर टांग मारली आणि गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. वारा कानात शिरत होता. कपाशीच्या शेतातल्या बायांनी मान वर करून पाहिलं, तर तिनं ओळखच दिली नाही. पुलाजवळचा उतार लागेपर्यंत सगळं छान होतं.

उतारावर तिनं ब्रेक दाबायला बोटं पुढं केली. बोटं पोचली नाहीत. पुन्हा केली. ब्रेक लांब, वाकडे, कोयत्यासारखे. त्यांच्या टोकाला नखं लागत, पण दाबायला बोट काही वळेना. रस्त्याकडेला कोणीतरी पऱ्हाटीचा ढीग घालून ठेवला होता. वाळलेल्या कपाशीच्या काड्या टोचतात फार, पण थांबवतात चांगलं.

ढिगातून निघता निघताच तिनं ठरवलं, सायकल सोडायची नाही. ब्रेक बदलायचा. खुंट्यांवर तिनं जुन्या बाजेचा सांगाडा टांगला आणि वरून पोतं टाकलं. दुरून सायकलच वाटे. जवळून पाहायला खुशालराव दसऱ्याशिवाय जात नसत.

परतवाड्यात बोभाटा नको, म्हणून ती सायकल हातात धरून अचलपूरला नबीभाईंकडं गेली. त्यांचं अर्धं दुकान सायकलींचं, अर्धं त्यांच्या बायकोचं, आयशाबींचं, चुड्यांचं. एकीकडं टायर लटकलेले, दुसरीकडं रांगेनं लाल-हिरव्या बांगड्या.

"कोनासाठी हाय, वहिनी?" नबीभाईंनी ब्रेक दाबून पाहत विचारलं.

आता या वयात "माझ्यासाठी" म्हणायचं जमुनाच्या जिवावर आलं. "आकांक्षासाठी," ती म्हणाली. लेक अकोल्याला माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती.

"मंग पोरीले आना. हात पाह्यल्याबिगर ब्रेक कसा बसवू?"

"तिचा हात माह्याएवढाच हाय. माहाच पाहा."

नबीभाई संकोचले. आयशाबी संकोचल्या नाहीत. त्यांनी जमुनाचा हात ओढला, अंगठा आत दुमडला आणि बोटांची मुळं कणकेसारखी दाबली. "हात ढिल्ला सोडो, बाई. दोन-चार. इस हात को ये कोयता कैसा पुरता जी?"

त्यांनी दोन-चारच्या मापाची एक हिरवी बांगडी काढली आणि नवऱ्यापुढं धरली. "हँडल और ब्रेक के बीच में बस इत्ता फासला होना. जास्ती नहीं."

नबीभाईंनी बांगडी मधे धरून पाहिली. खुळखुळ वाजत ती खाली पडायला आली. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "काय वं जमुना, तू इथं?"

पार्बताबाई! खुशालरावांच्या सख्ख्या आत्या, राहायला भिंतीपलीकडं. आयशाबींच्या जुन्या गिऱ्हाईक. जमुनानं पदर नसताना पदर सावरला आणि सायकलच्या आड उभी राहण्याऐवजी सायकलच्या पुढं उभी राहिली. हात मात्र अजून आयशाबींच्या हातात होता, आणि शेजारी हिरवी बांगडी.

"कोनाचं माप देऊन राहिली?"

"आकांक्षाचं, आत्याबाई."

पार्बताबाईंचे डोळे बारीक झाले. लेकीच्या हाताचं माप, हिरवी बांगडी आणि परतवाड्यातली दुकानं सोडून अचलपूर. "काही ठरलं काय?"

जमुनाला काळजी सायकलची होती. तिनं घाईनं म्हटलं, "सध्या कोनाले सांगजा नोको."

वऱ्हाडात या वाक्याचा अर्थ एकच होतो. बोलणी पक्की झाली, तारीख काढायची राहिली.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "वहिनी, जास्तीचं दूध कधीपासून टाकू?" जमुनाला वाटलं, त्याची म्हैस व्याली असेल.

नबीभाईंनी तोवर एक उपाय केला होता. टायरचा जाड तुकडा कापून ब्रेकच्या बुडाशी ठासला, त्यामुळे दांडा हँडलच्या जवळ आला. बांगडी नीट बसली. जमुनाची बोटंही बसली.

"चालवून पाहा," नबीभाई म्हणाले.

गल्लीत तिनं एक चक्कर मारली आणि दुकानाकडं वळून ब्रेक दाबला. दांडा पार हँडलला टेकला, चाकाला मात्र काहीच कळलं नाही. दांडा जवळ आला होता, पण तेवढीच आतली तार ढिली पडली होती.

"अरे, तार!" नबीभाई ओरडले.

"अरे, मेरी चुड्याँ!" आयशाबी ओरडल्या.

सायकल हिरव्या रांगेत शिरली. आवाज मोठा गोड झाला, एवढंच म्हणता येईल. आयशाबींनी काच गोळा करता करता नवऱ्याचा उद्धार केला, जमुनाला मात्र पाणी दिलं. जमुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं फुटलेल्या भरून दिल्याच. वरून उरलेल्याही, खोक्यासकट, विकत घेतल्या. सगळ्या हिरव्या. ते खोकं काखोटीला मारून ती घरात शिरत असताना पार्बताबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी खोक्याकडं पाहिलं, आणि हातातला खडा गव्हात परत टाकला.

तिसऱ्या खेपेला नबीभाईंनी तार ओढून कसली. इतकी कसली, की ब्रेकचे रबर चाकाला चिकटूनच राहिले आणि जमुना सीटवर बसली तरी सायकल जागची हलेना.

"आता थांबते तं चांगली," नबीभाई म्हणाले.

"नबीभाई, ते तं भिंतीवरही थांबूनच होती!"

गल्लीतली तिची तिसरी खेप कोणाच्या नजरेतून सुटली नाही. तीनदा चुड्यांच्या दुकानात, म्हणजे लग्न मोठं दिसतं. बातमी पार्बताबाईंकडून त्यांच्या वरूडच्या जावयाकडं गेली आणि तिथून संत्र्याच्या आडतीत. एका व्यापाऱ्यानं सौदा करता करता खुशालरावांचा हात धरला. "बाप्पा, पोरीचं जमवलं, अन् पेढा नाही?"

आपल्या लेकीचं लग्न आपल्याला माहीत नाही, हे आडतीत कबूल करणारा बाप अजून जन्मायचा आहे. "हो... थे... पाहून राहिलो," खुशालराव म्हणाले, आणि सौदा अर्धा टाकून घरी निघाले.

घरी जमुना नव्हती. फळीवर खोकं होतं. त्यांनी उघडून पाहिलं. हिरव्याच हिरव्या! ते बाजेवर बसले. पोरीनं अकोल्याला कोणी पाहिला असेल, आईला सांगितलं असेल आणि बापाला भिऊन दोघी गप्प असतील. आधी त्यांना राग आला. मग पोरगी आपल्याला एवढी भिते, याचं वाईट वाटलं. मग त्यांनी फोन लावला आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मऊ आवाज काढला.

"आकांक्षा, बेटा... मले सगळं समजलं. मी काही रागावत नाही. तू सांग फक्त."

पलीकडं आकांक्षा रडायला लागली. मग म्हणाली, "बाबा, अश्विन चांगला हाय हो. आमच्याच लॅबमंधी हाय."

इकडं अचलपूरला नबीभाईंनी माळ्यावरचा डबा पालथा घातला होता. त्यात पोरांच्या रेसरचे दोन आखूड ब्रेक सापडले. कोणे एके काळी कोणीतरी मागवले आणि न्यायला आलंच नाही. नबीभाईंनी ते बसवले, तार बेतानं ओढली, मधे बांगडी धरली. ती न खुळखुळता, न अडता बसली. आयशाबींनी ती बांगडी दोऱ्यानं हँडललाच बांधून दिली. "रहने दो. नजर नहीं लगती."

जमुना घरी सायकलवरच आली. गल्लीच्या उतारावर तिनं दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि सायकल शहाण्या सुनेसारखी दारात थांबली. समोर खुशालराव उभे होते.

तिनं पुढं वाकून हँडल झाकायला पाहिलं. पण खुशालरावांची नजर सायकलवर नव्हती. ती कुठंच नव्हती.

"जमुना, तुले मालूम होतं. मले कावून नाही सांगतलं?"

"सांगनारच होती," सायकलवर बसल्या बसल्याच ती म्हणाली. "तुमी रागावान म्हनून..."

"मी एवढा वाईट हाय काय? पोट्टा नोकरीवर हाय, घरचे चांगले हायेत. मी त्याइले रविवारी या म्हनलं."

"कोनाले?"

"अश्विनच्या घरच्याइले!"

"कोन अश्विन?"

खुशालराव तिच्याकडं पाहत राहिले. "तू हिरव्या चुड्या कोनासाठी आनल्या मंग? अन् पोरीचं माप?"

जमुनाला दोन वाटा दिसत होत्या. सगळं आधीच माहीत असलेली आई व्हायचं, म्हणजे सायकलचं नाव निघणार नाही. पण मग उद्या ही सायकल बाजेच्या जागी, बाज अंगणात, आणि आपण फटफटीवर मागं. तिनं ब्रेक धरला, जणू तोच धीर देणार होता.

"मले अश्विन-बिश्विन काही मालूम नाही. माप माहं होतं. ब्रेकचं."

"कायचं?"

आता कुठं त्यांची नजर खाली आली. हँडलवर, चाकावर, सलवारवर.

"ही माही सायकल हाय," ते म्हणाले.

"हो."

"मंग गोठ्यात काय टांगलं हाय?"

"बाज."

खुशालरावांनी वाकून ते आखूड ब्रेक पाहिले. "माहे ब्रेक कुठं गेले?"

"नबीभाईकडं. हात पुरत नव्हता त्याइले. पऱ्हाटीत जाऊन पडली मी."

त्यांनी नवा ब्रेक दाबला. चाक थांबलं. सोडून पुन्हा दाबला. पुन्हा एकदा. चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण तो कुठंतरी अडकला. बोटं चाळवत त्यांनी दोऱ्यानं बांधलेली बांगडी सोडवली आणि अश्विनचे वडील काय करतात ते सांगायला लागले. सांगता सांगता बांगडी त्यांच्या बोटांवरून सरकली, मुठीवर आली, आणि जराही न कुरकुरता मनगटात जाऊन बसली.

दोघंही तिच्याकडं पाहत राहिले.

"सैल माप असन," खुशालराव म्हणाले.

"दोन-चार हाय. माह्याच मापाची." जमुनाच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं. "त्या रेसमंधी तुमी एकडावही ब्रेक दाबला नाही ना?"

"रेसमंधी ब्रेक कोन दाबते?"

"अन् रेस संपल्यावर जिनिंगपर्यंत जोशात गेलते."

"गेलतो."

"मंग जिनिंगमंधी थांबले कसे?"

खुशालरावांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडं पाहून घेतलं. "कापसाच्या ढिगात," ते हळूच म्हणाले.

"बरं हाय," जमुना म्हणाली. "मी पऱ्हाटीत. तुमचा कापूस तरी मऊ होता."

ते हसले नाहीत, पण मिशी हलली. तेवढ्यात भिंतीवरून पार्बताबाईंचं डोकं वर आलं. भाच्याच्या मनगटात हिरवी बांगडी पाहून त्यांचं तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

"आत्याबाई," जमुना म्हणाली, "सध्या कोनाले सांगजा नोको."

सकाळी, रविवारच्या पाहुण्यांसाठी काय काय करायचं ते डोक्यात घोळवत, तिनं ओलित पाहायला सायकल बाहेर काढली. खुशालराव दातण करत अंगणात उभे होते. फटफटी काढायचं त्यांनी नाव काढलं नाही. सायकलभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला, घसा खाकरला.

"मी एक चक्कर मारून येऊ काय? जरासीच. पुलापर्यंत."

जमुनानं टांग मारली, ब्रेकवर दोन बोटं ठेवली आणि वळून पाहिलं.

"तुमाले कुठं जाच हाय?" ती म्हणाली, आणि ते तोंडातलं दातण काढेपर्यंत कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.