जन्मापासूनची ओळख

लुंबिनी मेश्रामला नेदरलँड्सच्या एका विद्यापीठाची फेलोशिप हवी होती, आणि त्यासाठी तिच्या सरांचं शिफारसपत्र हवं होतं. प्रोफेसर भटनागरांनी ते द्यायला एका क्षणात होकार दिला.

"बिल्कुल बेटा. ड्राफ्ट बना के भेज दो, मैं साइन कर दूँगा."

ही रीतच पडून गेली आहे. सरांना वेळ नसतो. तेव्हा विद्यार्थ्यानंच स्वतःची स्तुती लिहायची, सरांनी ती आपल्या लेटरहेडवर छापायची, सही करायची आणि पोर्टलवर चढवायची. लुंबिनीची मैत्रीण रसिका स्वतःला 'दशकातली सर्वोत्तम विद्यार्थिनी' म्हणवून जर्मनीला पोचलीसुद्धा होती.

लुंबिनी मात्र दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलाशी तीन दिवस लॅपटॉप उघडून बसली, आणि तिच्या हातून एकच वाक्य उतरलं: 'लुंबिनी वर्गात नियमित येते.'

"हे तर हजेरीपटही सांगेल," तिची आई सुनेत्रा म्हणाली. सुनेत्राबाई शाळेत शिकवत असल्यामुळे हजेरीपटाची किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती.

"आई, स्वतःला 'असामान्य' कसं म्हणायचं? बोटंच हलत नाहीत, यार."

"आईला यार म्हणू नये."

शेवटचा दिवस शनिवार होता. पोर्टल संध्याकाळी साडेपाचला बंद होणार, आणि लुंबिनीला सकाळीच नजफगढच्या नाल्यावर जायचं होतं. त्या नाल्यातल्या गाळावर तिचा सगळा अभ्यास उभा होता आणि विभागाची गाडी महिन्यातून एकदाच मिळायची. तेव्हा बाबा पुढे झाले.

"तू गाळ काढ. पत्र मी लिहितो आणि सरांना परस्पर मेल करतो."

समाधान मेश्राम एका मंत्रालयात अवर सचिव होते. हाताखालच्या माणसांचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, चहा मागवला आणि फेलोशिपवाल्यांनी दिलेल्या मुद्द्यांप्रमाणे इंग्रजीत अहवाल सुरू केला.

पहिला मुद्दा होता: उमेदवाराला किती काळापासून ओळखता? समाधानरावांनी लिहिलं, 'जन्मापासून.' खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पुढे लिहिलं, 'सचोटी संशयातीत. कोणतीही चौकशी प्रलंबित वा प्रस्तावित नाही. प्रकृती उत्तम. सहाव्या वर्षी आलेल्या कांजिण्यांत मी स्वतः तिला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली असून तेव्हाही तिनं तक्रार केली नाही.'

"अहो, आता काय लिहिताय?" सुनेत्राबाई मागून डोकावल्या.

"उणिवा."

"उणिवा कशाला? पोरीला पाठवायचंय ना?"

"उणीव नसलेला अहवाल परत येतो, सुनेत्रा. वरच्यांना वाटतं, लिहिणाऱ्यानं माणूस पाहिलाच नाही."

हे सुनेत्राबाईंना पटलं. पटल्यावर त्या मागे राहणाऱ्या नव्हत्या. "मग ओला टॉवेल पलंगावर टाकते, ते लिहा. आणि भूक लागली की चिडते."

"भरवल्यावर किती वेळात निवळते?"

"वीस मिनिटं धरा."

"आता एकदा नीट वाचून घ्या," सगळं लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"ड्राफ्ट आहे गं. ड्राफ्ट वर गेला की वरचे बघतात, काटतात, सुधारतात. सिस्टिमच तशी आहे."

वरच्यांना, म्हणजे भटनागर सरांना, त्या दिवशी भाच्याच्या लग्नाला जायचं होतं. मुलगी हुशार, तिनं काय वाईट लिहिलं असणार? त्यांनी मजकूर लेटरहेडवर छापला, शेरवानीची बटणं लावता लावता सही केली आणि पत्र चढवून टाकलं. लुंबिनी नाल्यावरून आली तेव्हा पोर्टल हिरवी खूण दाखवत होतं. ती निर्धास्तपणे आंघोळीला गेली. एका कागदावर तीन माणसांचा विश्वास बसला होता, वाचणारं मात्र त्यात कुणीच नव्हतं.

नवव्या दिवशी नेदरलँड्सहून मेल आली. भाषा अतिशय सभ्य होती. नातेवाइकांची शिफारस आम्ही स्वीकारत नाही. प्रोफेसर भटनागर उमेदवाराला जन्मापासून ओळखतात आणि त्यांनी तिला आंघोळ घातलेली आहे असं दिसतं. तरी नात्याचा खुलासा पाच दिवसांत करावा, नाहीतर अर्ज बाद समजण्यात येईल.

"आंघोळ?" लुंबिनी ओरडली. "बाबा, तुम्ही काय लिहिलंय?"

"जे खरं आहे ते."

"सरांच्या नावानं!"

समाधानरावांनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ड्राफ्टमध्ये 'मी' म्हणजे कोण, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता.

मेलची प्रत सरांनाही गेली होती. सरांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून त्यांची मेल त्यांची बायको वाचून दाखवत असे. संध्याकाळी सरांचा फोन आला. बाल्कनीत उभं राहून बोलणाऱ्या माणसाचा आवाज होता.

"बेटा, कल घर आ जाओ. और सुनो, मम्मी-पापा को ज़रूर लाना. दोनों को."

दुसऱ्या दिवशी तिघंही मेट्रोनं मयूर विहारला पोचले. दार मिसेस भटनागरांनी उघडलं. त्यांनी आधी लुंबिनीचं नाक पाहिलं, मग वळून नवऱ्याचं नाक पाहिलं.

"अच्छा, यही है?"

"नमस्ते मॅडम," समाधानराव घाईघाईनं पुढे झाले. "इसका पिता मैं हूँ. चिट्ठी मैंने लिखी थी. नहलाया भी मैंने ही था."

मिसेस भटनागरांनी त्यांचं नाक पाहिलं. लुंबिनीचं आणि ते हुबेहूब एक होतं, किंचित डावीकडे झुकलेलं. घरात एकदम हवा खेळू लागली. पाच मिनिटांत चहा आला आणि त्याबरोबर काजूकतलीही.

मग सरांनी आपणच सही केलेलं पत्र जाड भिंगातून पहिल्यांदा वाचलं. मोठ्यानं.

"'ओला टॉवेल'... ये मैंने लिखा है?"

"हे मी," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि लगेच हिंदीवर आल्या. "मतलब, मैंने बताया था."

"'एकूण श्रेणी: चांगली.'" सर थांबले. "मेश्रामजी, सिर्फ गुड? मैं तो सबको एक्सलंट देता हूँ."

लुंबिनीनं बाबांकडे पाहिलं. बाबा काजूकतलीकडे पाहत होते. टॉवेल तिनं ऐकून घेतला होता, भूकही. हा शब्द मात्र कुठेतरी टोचला.

"आता खुलासा काय करायचा ते बघू," समाधानराव म्हणाले. "जन्मापासून म्हणजे विभागात जन्म झाल्यापासून, शैक्षणिक अर्थानं, असं काहीतरी लिहिता येईल."

"झूठ पर झूठ मत चढ़ाइए, भाईसाब," मिसेस भटनागर म्हणाल्या. गेल्या चोवीस तासांत त्यांना खरेपणाची विशेष ओढ लागली होती.

"बाबा, मी लिहिते," लुंबिनी म्हणाली, आणि तिथेच सोफ्यावर फोन काढून बसली. आमच्याकडे विद्यार्थीच आपलं पत्र लिहितात. मला स्वतःची स्तुती करता येईना. म्हणून माझ्या वडिलांनी लिहिलं, आणि त्यांनाही ती करता आली नाही. सर माझे कोणी नाहीत, त्यांनी न वाचता सही केली. एवढंच लिहिलं. सरांना दाखवलं. सरांचा चेहरा उतरला.

"आखरी लाइन ज़रूरी है?"

"बहुत ज़रूरी है," आतून उत्तर आलं.

मेल गेली. परत येताना मेट्रोत समाधानराव उभेच राहिले. समोर दोन जागा रिकाम्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधीचं पत्र फाइलमधून काढण्यात आलं आहे. प्राध्यापकांनी स्वतः लिहिलेलं पत्र सोमवारपर्यंत आलं तर विचार होईल.

आता सरांची पंचाईत झाली. स्वतः शिफारसपत्र लिहिण्याची सवय सुटून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, आणि लुंबिनी त्यांना 'वो नाले वाली लड़की' एवढीच ठाऊक होती. त्यांनी तिला गुरुवारी पुन्हा घरी बोलावलं. तीन तास प्रश्न विचारले. गाळात काय सापडतं, कुठे सापडतं, तुला ते का शोधावंसं वाटलं. सर वही काढून टिपणं घेऊ लागले. मिसेस भटनागर मटार सोलायला म्हणून येऊन बसल्या आणि मटार संपले तरी उठल्या नाहीत. सरांनी पत्रात लिहिलं, 'मी हिला दोन वर्षं ओळखतो. खऱ्या अर्थानं गुरुवारपासून.'

सहा आठवड्यांनी एका रविवारी दुपारी निवडीची मेल आली. सुनेत्राबाईंनी शिरा केला, समाधानरावांनी मेल चार वेळा वाचली आणि पाचव्यांदा छापून घेतली. शेजारचे येऊन, खाऊन, अभिनंदन करून गेले. तिघंच उरल्यावर लुंबिनीनं वाटी खाली ठेवली.

"बाबा, एक विचारू? आउटस्टँडिंग का नाही दिलंत?"

"अहवालाचा नियम आहे," समाधानराव म्हणाले. "आउटस्टँडिंग दिलं की कारणं लेखी द्यावी लागतात."

"मग द्यायची ना! का, नव्हतीच?"

समाधानराव उठले, आत गेले, आणि कपाटातून टाचणीनं एकत्र लावलेले कागद घेऊन आले. सात होते, दोन्ही बाजूंनी भरलेले. वर हातानं लिहिलेलं होतं: 'कारणे.'

"फेलोशिपवाल्यांनी एकच पान दिलं होतं," ते म्हणाले, आणि शिऱ्याची वाटी घेऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.