कंट्रोलची माती

आमच्या वरच्या मजल्यावरची मृणाल कुकरात माती शिजवते. खोटं सांगत नाही. आज शिजवायची, उद्या थांबायचं, परवा पुन्हा शिजवायची. म्हणते, “पहिल्या वाफेत दडून बसलेले जंतू दुसऱ्या दिवशी उठतात, काका. मग त्यांना गाठायचं!” घरमालकीण अक्का नाक दाबून खालून कानडीत ओरडते, “एन वासने री!” मृणाल वरून, “स्वल्प थांबा अक्का, अर्धाच तास!”

ती वर्ध्याची. पंचेचाळिशीची, एकटी. आमच्या जयनगरातून रोज स्कूटरवर मातीच्या प्रयोगशाळेत जाते. तिथलं वाफेचं यंत्र बिघडलं की घरचा कुकर. एकाच मातीतली अर्धी शिजवायची, अर्धी कच्ची ठेवायची, दोन्हींत रोप लावायचं. म्हणजे मातीतले जीव रोपाचं काय करतात ते कळतं म्हणे. शिजवलेलीला ती ‘कंट्रोल’ म्हणते. मी निपाणीकडचा, चौथी शिकलेला, कंट्रोलच्या तांदळावर वाढलेला. म्हटलं, “काय गं, माती पण आता रेशनवर?” जिन्यातच बसून हसली बया.

माझी बायको सुशीला गेल्या वर्षी गेली. मागं तिची अबोलीची कुंडी राहिली. यंदा तीही माना टाकायला लागली. मृणालनं मुळं उकरून बघितली, तर गाठीच गाठी.

“रोग मातीत आहे, काका. शिजवावी लागते.”

“माझ्या बायकोनं हातानं कालवलेली माती हाय ती. कुकरात घालून तर बघ!”

“मग माती ठेवा. झाड जाऊ द्या.”

अशी तोंडावर बोलते. आठ दिवस मी रुसलो. मग कुंडी उचलून तिच्या दारात ठेवली.

तिनं माती शिजवली, अबोलीची एक फांदी लावली. फांदी पिवळी! मी तरातरा वर गेलो. “मारलीस ना?”

“शिजवली की माती तीच नाही राहत, काका. मेलेल्या जिवांच्या पोटातलं सगळं एकदम बाहेर येते. कोवळ्या मुळाला सोसत नाही. आमचे मोठेमोठे साहेबही समजतात, माती तीच, फक्त जंतू वजा. घरातलं माणूस गेलं तर घर तेच राहते का, माणूस वजा?”



मग तिनं माती पसरून बरेच दिवस वारा दिला, आपल्याकडचं चांगलं खत मूठभर मिसळलं, दुसरी फांदी लावली. ती धरली, तशी कुंडी खाली माझ्याकडं आली. काल पहिली कळी दिसली म्हणून सांगायला वर गेलो, तर तिनं फ्रिज उघडून बरणी दाखवली. वर चिठ्ठी: ‘सुशीलाकाकू, कच्ची’.

“ही कुठल्या प्रयोगाची?”

“कुठल्याच नाही. गाठींच्या रोगाची माती आहे, कुंडीत घालू नका. मूठभर तशीच राहू दिली.”

तिच्या मागं आणखी एक बरणी होती, जुनी. चिठ्ठीवरची शाई पुसट झालेली. ‘आई, अंगण’.

मी म्हटलं, “माणसानं खायचं काय हाय का ह्या फ्रिजात?”

“दही आहे ना.”

“घे ते, आणि खाली ये. भाकरी टाकतो.”