मानपाड्यावरून जाणारी साडेतीन सेकंदांची सावली

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अख्ख्या डोंबिवलीत चारचौघांना कळेल अशा भाषेत खगोलशास्त्र समजावणारी माझ्यासारखी बाई दुसरी नाही. कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतेय, उगाच नाही! त्यामुळे त्या बुधवारी जे झालं, त्यात समजावणारीची चूक नव्हतीच. समजून घेणाऱ्यांची होती. निदान गुरुवार संध्याकाळपर्यंत मी असंच म्हणत होते.

माझ्याकडे एक छोटी डिजिटल दुर्बीण आहे. आकाराने मिक्सरच्या मोठ्या भांड्याएवढी. डोळा लावायची भानगड नाही, तिला दिसतं ते थेट टॅबवर येतं. तिच्या जोरावर मी जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या एका गटात शिरलेले. त्या गटाचा मेल आला: बुधवारी संध्याकाळी सात बावन्नला एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार. साडेतीन सेकंद तारा दिसेनासा होणार. जिथून तो दिसेनासा होतो, तिथे त्या लघुग्रहाची सावली पडली म्हणायचं. तारा किती वेळ गेला हे मोजलं, की लघुग्रह केवढा ते कळतं. आणि ही सावली जाणार कुठून? आमच्या डोंबिवलीतल्याच मानपाड्यावरून!

"म्हणजे काहीतरी गायब होताना बघायचंय," माझा नवरा सुदेश म्हणाला. "त्याला मानपाड्याला कशाला जायला हवं? आपल्याकडे नळाचं पाणी रोज गायब होतं."

मी दुर्लक्ष केलं. आमच्या बाल्कनीतून फक्त समोरच्या टॉवरमधली स्वयंपाकघरं दिसतात. मोकळी गच्ची हवी होती. सुदेशच्या ओळखीचे देवराम भोईर हे मानपाड्यातले जुने जमीनवाले. तीन मजली बंगला, वर मैदानाएवढी गच्ची. मी त्यांच्या बायकोला, शकूवहिनींना फोन लावला.

"वहिनी, बुधवारी एका लघुग्रहाची सावली तुमच्या घरावरून जाणार आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कोनची सावली?"

"लघुग्रहाची. म्हणजे छोट्याशा ग्रहाची."

"शनीपेक्षा छोटा ना?"

"खूपच छोटा!"

"मंग या तुमी. आमी बघतू काय करायचा ता."

फोन ठेवला आणि स्वतःचीच पाठ थोपटली. दोन मिनिटांत विषय समजला बाईंना!

दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा फोन. "मॅडम, मी कमलेश. बिल्डर. देवरामशेठ माझ्या टॉवरच्या कागदांवर सही करत नाहीयेत. म्हणतात, घरावर ग्रहाची सावली आहे. ती जरा दिवा स्टेशनकडे सरकवता येईल का?"

"अहो, ती काय तुळशीची कुंडी आहे?"

"तसं नाही, वरती तुमची ओळख असेल ना! दिव्याला काय, तिथे पाणी नाही, पाय ठेवायला जागा नाही. त्यांना एक सावली जड नाही जाणार."

बुधवारी सुदेशला घेऊन पावणेसातला पोचले, तर दारात चपलांचा ढीग. गच्चीवर मांडव! मांडवात गुरुजी, गुरुजींपुढे होमकुंड, आणि त्यातून निघालेला धूर थेट माझ्या ताऱ्याच्या दिशेने!

"या म्याडम!" देवराम हात जोडून पुढे आले. "तुमचा तारा नि आमची ग्रहशांत, दोनी एके गच्चीवर!"

"अहो, धुरातून तारा कसा दिसणार?"

गुरुजींनी मान वर केली. "बाई, तुम्ही ग्रह बघा. आम्ही त्याचा बंदोबस्त बघतो."

सव्वासात झाले. साडेसात झाले. स्वाहा काही थांबेना. मी लघुग्रहांचं वजन, कक्षा, वेग सगळं सांगून पाहिलं. लोकांनी आदराने ऐकलं आणि होमात आणखी तूप ओतलं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "धुरामुळे त्या ग्रहाला घर नीट दिसणार नाही. मग तो थांबून बघत बसेल!"

चार मिनिटांत होमकुंड खाली अंगणात! कुणीतरी सगळे दिवेही घालवले. बावीस वर्षं फिजिक्स शिकवून मी हे वाक्य बोलले, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी तास तोच ठरला.

सात एक्कावन्न. मिट्ट काळोख. दुर्बीण माझ्या पाठीमागे तिपाईवर, मी टॅबमध्ये डोकं खुपसून. भोवती साठेक माणसं श्वास रोखून उभी. तारा टॅबवर लुकलुकत होता आणि...

"गेला!" मी ओरडले.

"कोन गेला?" जिन्यातून एक म्हातारी किंचाळली.

तारा परत आला. पुन्हा गेला! परत आला. तिसऱ्यांदा गेला, आला आणि मग शहाण्यासारखा जागेवर बसला.

"सुदेश, तीनदा! एकदा लघुग्रह, आणि दोनदा... अरे, त्याला दोन चंद्र आहेत!"

"घरी जाऊन एकदा नीट बघ, मग कळव," सुदेश म्हणाला. नवरे अशा वेळी हमखास शत्रुपक्षात असतात. मी तिथूनच अहवाल पाठवला. नऊ मिनिटांत गटप्रमुख बाईंचं उत्तर: विलक्षण! मोठ्या वेधशाळांना कळवत आहोत!

गुरुवारी प्राचार्यांनी पुष्पगुच्छ दिला. सोसायटीच्या ग्रुपवर नमस्कारांचा पूर आला. चंद्रांची नावं काय ठेवणार, असं कुणीतरी विचारलं. एकाला माझं नाव द्यायचं मी ठरवलेलंच होतं. दुसऱ्यालाही माझंच द्यावं का, यावर विचार चालू होता. तेवढ्यात कमलेशचा फोन. "मॅडम, सही झाली! दोन चंद्र आणणारी सावली म्हणजे शुभच ना? टॉवरचं नाव 'टू मून्स' ठेवतोय. भूमिपूजनाला सावली परत आणता येईल?"

संध्याकाळी मोठ्या मनाने शकूवहिनींना फोन केला. "वहिनी, तुमच्या गच्चीवरून शोध लागला!"

"लागनारच! एवरी मानसां तुमचे दुर्बिनीला बघत व्हती. नजर लागंल म्हनून मीच तिची दृष्ट कारली. मुठीत मीठ-मोहरी घेतली नि तिचे तोंडावरशी बराबर तीनदा फिरवली!"

"कधी?" मी विचारलं.

"कालोख केलाव ना, तवाच. तुमी 'गेला' म्हनून वरडलाव, मना वाटला, तुमालाच कलला दृष्ट गेली ती!"

रेकॉर्डिंग उघडलं. लघुग्रह एक तारा झाकतो. इथे टॅबवरचे सगळेच्या सगळे तारे एकदम गेले होते. तीनदा! पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. आणि वेळ ताडून पाहिली, तर खरी साडेतीन सेकंदं नेमकी वहिनींच्या तिसऱ्या फेरीत हरवलेली.

कबुलीचा मेल लिहायला दोन तास लागले. आधी मी लिहिलं, "स्थानिक वातावरणामुळे अडथळा आला." सुदेश मागून वाचत होता. म्हणाला, "वातावरणाचं नाव शकुंतला भोईर आहे." शेवटी खरं ते सगळं लिहिलं.

पंधरा दिवसांनी गटाचा अंतिम अहवाल आला. एकतीस निरीक्षक. ज्यांना नोंद करता आली नाही, त्यांच्या नावापुढे कारणं दिलेली. कुणाकडे ढग, कुणाची बॅटरी संपली, एकाच्या तिपाईला कुत्र्याचा धक्का लागला.

माझ्या नावापुढे एकच शब्द आहे: हात.

आणि तळटीप: मोहरीसह.