अप्पांच्या पाटीवरचं देगलूर

मुरुडच्या बाजारात ऊन किती तापलं, हे सगळ्यात आधी आमच्या महारुद्रअप्पांच्या तळहाताला कळतं. भर बाराला ते आपल्या भांड्यांच्या दुकानाबाहेर तापत ठेवलेल्या पितळी तांब्यावर हात टेकवतात आणि मोठ्यानं मोजू लागतात. ज्या आकड्याला हात उचलला, तो दारावरच्या पाटीवर. 'आज चटका तीन.' आकडा कमी म्हणजे ऊन जास्त, हे नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगेपर्यंत बिचारं घामाघूम होतं.

थंडीसाठी खोबरेलाची बाटली. 'तेल थिजलं' असं पाटीवर आलं की अप्पांची कानटोपी निघते, ती दुपारी घाम फुटला तरी उतरत नाही. पावसाला उघड्यावर ठेवलेलं पातेलं. माझं शिवणकामाचं दुकान त्यांना लागूनच. एकदा मी शहाणपणा केला, "अप्पा, मोबाइलवर डिग्री येते की."

"तुझ्या मोबाइलला कातडं हाय का?"



पाटीवर रकाने दोन. एक मुरुडचा, दुसरा देगलूरचा. मुरुडकरांना देगलूरच्या उन्हाशी काय देणंघेणं, म्हणून बाजार हसायचा. मला हसू यायचं नाही. अप्पांची एकुलती लेक गौरी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीनं लग्न करून देगलूरला गेली. अप्पांनी अबोला धरला. शब्दाचे पक्के! पण रोज बाराला फोन लावायचे, "चटका किती?" ती आकडा सांगायची, की फोन बंद. तिच्याकडेही तसाच पितळी तांब्या होता. तो एसटीनं कुणाच्या हाती पाठवला, ते अप्पांनी आजवर कबूल केलेलं नाही.

"हा कसला अबोला?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"हवा इचारली तर अबोला मोडत न्हाई. ती काय घरची गोष्ट हाय व्हय?"

यंदा वैशाखात एक दिवस फोन लागला. अप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू.

"चटका किती?"

पलीकडून आकडा आलाच नाही. गौरी म्हणाली, "अप्पा, इथं आभाळ भरून आलंय." तिचा आवाज चिरकला होता.

मी मोबाइल पाहिला. देगलूरला लख्ख ऊन होतं. "अप्पा, तिची कायतरी चूक..." म्हणेपर्यंत अप्पांनी शटर ओढलंसुद्धा.

"देगलूरला जायला लातूरची गाडी कवा हाय?" एवढंच विचारलं आणि कानाला फोन तसाच धरून निघाले.

दुसऱ्या दिवशी बाराला माझा फोन वाजला. अप्पाच होते.

"मुरुडचा चटका किती? पाटी कोरी ठिवू नको."

मी बाहेर जाऊन तांब्यावर हात टेकवला. "दोन, अप्पा. गौरी कशी आहे?"

"बोलायलीय. कालपासून थांबंना." मग जरा घसा खाकरून म्हणाले, "मी ऱ्हातो चार दिस. इथला पाच लिही. हवा लई गार हाय."

मोबाइलवर दोन्ही गावांचं ऊन सारखंच होतं. मी तो खिशात टाकला आणि खडूनं लिहिलं, 'देगलूर पाच.'