विसाव्या पटावरचा वजीर

"डाव अर्धा झाला आणि वरून बाँब पडला, तर कोण जिंकलं म्हणायचं?"

सीतेने प्रश्न विचारला आणि सभागृहात एवढी शांतता पसरली, की मागे बसलेल्या तिच्या मैत्रिणींनी, मालती आणि रंभाने, दाबलेलं हसू नाकातून निघालं तेही सगळ्यांना ऐकू आलं. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं म्हणणाऱ्या त्याच दोघी. आणि शाळेत वक्तृत्वाचा चषक मिळाल्यापासून सीतेच्या अंगात हिंमत नुसती मावत नव्हती.

एकाहत्तरचा नोव्हेंबर होता. सुरतेत खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या लागल्या होत्या. लढाई आज होते की उद्या, एवढंच बाकी होतं. अशात बुद्धिबळ मंडळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा! मुळात ती सरहद्दीजवळच्या एका बंदरात व्हायची होती. तिकडे विमानं घिरट्या घालू लागली म्हणून ती सुरतेला आली. आठ देश येणार होते. सात देशांनी न येण्याच्या तारा पाठवल्या. आला तो एकटा युगोस्लाव्हियाचा मास्टर, ताडासारखा उंच, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा. मग ठरलं, की त्याने एकट्याने वीस सुरतकरांशी एकदम खेळायचं. विसाव्या पटावर होते सीतेचे वडील, म्हणजे आबा, गिरणीतले काशीराम. चिठ्ठीत त्यांचं नाव निघाल्यापासून आठ दिवस ते झोपेतसुद्धा "शह!" म्हणून ओरडत होते.

मंडळाचे चिटणीस मगनभाई घामाघूम झाले. "छोकरीनी वात साची छे! पोरगी खरं बोलते! पाहुण्याला काय झालं तर दिल्लीला जवाब कोण देणार? मॅच बंध!"

"बंद?" आबांचा चेहरा असा पडला, की सीतेला आपली जीभ कापून टाकावीशी वाटली.

"चारी बाजूला रेतीच्या गोण्या लावा, तरच रमत, खेळ चालू," मगनभाई म्हणाले. पण सुरतेतली सगळी वाळू सरकारी कचेऱ्यांभोवती रचून संपली होती.

आबा उठले. "भाई, आमच्या गिरणीत वेस्ट कापूस पडेल आहे. साठ-सत्तर गोण्या. गोळी काय, तोफेचा गोळा बी रुतून बसंल!"

दोन तासांत हातगाड्या आल्या. खिडक्या बुजल्या, दारं अर्धी बुजली, उरलेल्या गोण्या थेट कपाटांवर, पंख्याच्या उंचीपर्यंत चढल्या. प्रायश्चित्त म्हणून सीतेने एकटीने अकरा गोण्या ओढल्या. पाहुणा इंग्रजीत काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात," मगनभाईंनी सांगितलं, "मी हा खेळ तळघरात शिकलो. वरून रोज बाँब पडत होते. पण तिथं हवा यापेक्षा बरी होती."

सीता त्या माणसाकडे बघतच राहिली.

खेळ सुरू झाला. पाहुणा पटामागून पट चालत जाई, एक नजर टाकी, मोहरं हलवी, पुढे. नवव्या चालीला आबांचा वजीर मेला. तासाभरात सगळे उकडून निघाले, आणि मगनभाईंनी पंखा लावला.

वरची एक गोणी फाटकी होती. बघता बघता सभागृहात कापसाचा बर्फ पडू लागला! पाहुण्याने वर पाहिलं, मिशा थरथरल्या, आणि अशी शिंक आली की पहिला पट उलटला. दुसरा शिंकला, तिसरा शिंकला, टेबलं हलली, हत्ती-घोडे जमिनीवर गडगडले. शिंकले नाहीत ते फक्त आबा आणि सीता. आबांच्या कपड्यांबरोबर तो कापूस रोजच घरी यायचा.

पंखा बंद झाला तेव्हा एकाही पटावर काही उभं नव्हतं. "खलास!" मगनभाई खुर्चीत कोसळले.

पाहुण्याने रुमालाने डोळे पुसले आणि पहिल्या पटापासून मांडायला घेतलं. राजा इथे, घोडा तिथे, हे प्यादं मेलेलं. दुसरा पट. तिसरा. कागद नाही, टिपण नाही! एकोणीस पट डोक्यातून उतरवले त्याने, आणि एकाही खेळाडूने हूं की चूं केलं नाही. सीतेच्या अंगावर काटा आला.

विसावा पट आबांनी स्वतःच मांडून ठेवला होता. त्यावर आबांचा वजीर जिवंत, ताठ उभा होता.

पाहुण्याने वजिराकडे पाहिलं. मग आबांकडे. आबा छताकडे बघत होते. मग सीतेकडे. तिचे कान लाल झाले होते. पाहुण्याने हळूच मिशीवर बोट ठेवलं, हसला, आणि पुढची चाल केली.

तिथून बाराव्या चालीला आबांवर मात! त्या वजिरासकट!

घरी सीतेची आई मंगलाबाई आबांच्या केसांतून कापूस वेचत होत्या. "काय व्हयनं मग? हारनात ना?"

"शिंकांनी घात केला," आबा म्हणाले. "नाहीतर माझा वजीर असा जोरात होता!"

सीता उठून दोघांच्या समोर उभी राहिली. "माय, आबा, मी ठरवलंय. उद्यापासून बुद्धिबळ शिकणार. आणि मोठी झाले की जिथं स्पर्धा असेल तिथं जाणार. लढाई असली तरी जाणार!"

मंगलाबाईंचा हात केसांतच थांबला. आबांची छाती मात्र फुगली. त्यांनी लगेच फळीवरून पट काढला. "ये, बस समोर. शिकवतो तुला."

"नाही आबा," सीता म्हणाली. "मंडळात जाऊन शिकेन."